सही, गुपित, नकार : वॉर्डातल्या नैतिक पेचात सिस्टरने काय करावं

नर्सिंगच्या अभ्यासक्रमात नीतिशास्त्राचा धडा असतो. स्वायत्तता, हित, अहित टाळणं, न्याय हे शब्द परीक्षेपुरते पाठ होतात आणि ड्युटी लागली की वहीतच राहतात, कारण वॉर्डात पेच त्या नावांनी येत नाही. ओटीची (ऑपरेशन थिएटरची) ट्रॉली दारात उभी असते आणि संमतीपत्र कोरं असतं. मुलगा हात जोडून म्हणतो, "बाबांना कॅन्सरचं सांगू नका." रात्रपाळीला चाळीस रुग्णांत सिस्टर एकटी असते आणि सकाळच्या राउंडला टीपीआर चार्ट (ताप, नाडी, श्वास यांचा तक्ता) भरलेला हवा असतो.

अशा वेळी तीन प्रश्न उपयोगी पडतात. रुग्णाला काय माहीत आहे? त्याला स्वतःला काय हवं आहे? हा निर्णय घ्यायचा अधिकार कोणाचा? यांची उत्तरं मिळाली की पेच निम्मा सुटतो. उरलेला निम्मा कोणाला, कोणत्या शब्दांत सांगायचं आणि कागदावर काय लिहायचं यावर सुटतो. तेच इथे मांडलं आहे.

संमतीपत्रावरची सही

शस्त्रक्रिया किंवा तपासणी जो डॉक्टर करणार, त्यानेच ती रुग्णाला समजावून सांगायची असते: काय करणार, का करणार, धोके कोणते, दुसरा पर्याय कोणता, काहीच केलं नाही तर काय होईल. सिस्टरची सही साक्षीदाराची. सही माझ्यासमोर झाली, करणारी व्यक्ती शुद्धीवर होती, तिच्यावर जबरदस्ती नव्हती, एवढंच ती सही सांगते. म्हणून "सिस्टर, तेवढी सही घेऊन टाका" असा फोन आला तर उत्तर साधं ठेवा: "सर, फॉर्म तयार ठेवते. पेशंटला अजून शंका आहेत. तुम्ही एकदा बोललात की लगेच सही घेते." यात उद्धटपणा नाही आणि जबाबदारी जिथली तिथे राहते.

रुग्णाला समजलं आहे का, हे पाहायला "समजलं ना?" विचारून उपयोग नाही. सगळेच मान डोलावतात. त्याऐवजी म्हणा, "काका, उद्या तुमचं काय करणार आहेत, मला सांगा बरं." "ते डॉक्टरांना माहीत" असं उत्तर आलं, तर सही असूनही संमती झालेली नाही. डॉक्टरांना परत बोलवा.

गडबड बहुतेक वेळेची असते. ऑपरेशनच्या सकाळी रुग्णाला मिडॅझोलाम किंवा डायझेपामसारखं गुंगीचं औषध दिलं जातं आणि मग कोणाच्या तरी लक्षात येतं की सही राहिली. गुंगीत घेतलेली सही टिकत नाही. ओटीची यादी आदल्या संध्याकाळी लागते, त्याच वेळी प्रत्येक फाइल उघडून संमतीपत्र पाहायचं. प्रक्रियेचं नाव पूर्ण लिहिलं आहे का, बाजू उजवी की डावी लिहिली आहे का, तारीख आणि वेळ आहे का, हे तिथेच तपासायचं. भरती करताना कोऱ्या फॉर्मवर पाच-सहा सह्या एकदम घेऊन ठेवायची सवय अनेक ठिकाणी आहे. ती मोडावी. कोऱ्या कागदावर साक्षीदार म्हणून सही करू नका.

सही कोणाची, हा प्रश्न त्याहून महत्त्वाचा. शुद्धीत असलेल्या प्रौढ रुग्णाच्या बदल्यात नवरा, मुलगा किंवा आई सही करू शकत नाही. समीरा कोहली विरुद्ध डॉ. प्रभा मनचंदा या खटल्यात रुग्णाने दुर्बिणीने तपासणीसाठी संमती दिली होती. भूल दिलेली असताना बाहेर बसलेल्या आईची संमती घेऊन गर्भाशय काढलं गेलं. १६ जानेवारी २००८ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने ही संमती ग्राह्य धरली नाही. जिवाला तातडीचा धोका नव्हता, रुग्ण शुद्धीवर येईपर्यंत थांबता आलं असतं, हा त्यातला कळीचा मुद्दा. ओटीत असताना "बाहेर नातेवाइकांची सही घेऊन या" असं सांगितलं गेलं, तर हा निकाल आठवावा आणि विचारावं: "मॅडम, हे जीव वाचवण्यासाठी आत्ताच करावं लागणार आहे का? तसं असेल तर नोट्समध्ये लिहाल का?" खरोखर जिवावर बेतलं असेल तर उपचार सहीसाठी थांबवायचे नसतात. तिथे डॉक्टरांनी कारण आणि वेळ लिहावी, कागद नंतर पूर्ण करावेत.

प्रसूती कक्षात हा विषय जास्त नाजूक होतो. कळा सुरू असताना घेतलेली नसबंदीची किंवा कॉपर-टीची संमती ही संमतीच नव्हे. ती बोलणी गरोदरपणाच्या तपासण्यांत व्हायला हवीत आणि तशी नोंद कार्डावर हवी. नसबंदीला नवऱ्याची सही लागत नाही. अठरा वर्षांवरील स्त्रीच्या गर्भपातालाही तिची एकटीचीच संमती पुरते. तरी "मिस्टरांना घेऊन या" म्हणून बायकांना परत पाठवलं जातं, आणि तेवढ्यात आठवडे उलटून कायद्याची मुदत निघून जाते. नुसत्या एका वाक्याने हे घडतं, म्हणून ते वाक्य आपल्या तोंडून जाऊ द्यायचं नाही.

भाषेचंही पाहा. मेळघाटात कोरकू, गडचिरोलीत गोंडी आणि माडिया, नंदुरबारकडे भिली बोलणारी बाई मराठी फॉर्मवर अंगठा देते तेव्हा तिला त्यातलं किती कळलं? दुभाषा शक्यतो घरचा नको. सासू सुनेचं म्हणणं जसंच्या तसं सांगेलच असं नाही. आशाताई किंवा ती भाषा बोलणारी कर्मचारी पाहावी. तिचं नाव, कोणत्या भाषेत सांगितलं आणि किती वाजता, हे फॉर्मवर लिहावं.

"बाबांना सांगू नका"

आपल्याकडच्या वॉर्डांत हा पेच सगळ्यांत जास्त वेळा येतो आणि याच ठिकाणी सिस्टर सर्वांत एकटी पडते. डॉक्टर दिवसातून दहा मिनिटं येतात. रुग्णाशी आठ तास बोलायचं असतं ते सिस्टरला.

नातेवाइकांना खोटारडे समजू नका. त्यांची भीती खरी असते: बाबा धक्क्याने खचतील, जेवण सोडतील, उपचारच नको म्हणतील. पण लपवलेलं सहसा टिकत नाही. ऑन्कोची (कॅन्सर विभागाची) ओपीडी, केमोचा वॉर्ड, गळणारे केस, शेजारच्या बेडवरच्या माणसाचं बोलणं यांतून रुग्णाला कळतंच. फक्त ते एकट्याने कळतं. मग तो घरच्यांवरचा आणि दवाखान्यावरचा विश्वास एकदमच गमावतो. शिवाय बँकेचं नॉमिनेशन, शेताचा सातबारा, परगावच्या मुलीला एकदा डोळे भरून पाहणं, यासाठी त्याच्याकडे असलेला वेळ आपण त्याला न विचारता खर्च करून टाकतो.

सिस्टरची मर्यादा इथे आधी ठरवून घ्यावी. निदान पहिल्यांदा सांगणं हे उपचार करणाऱ्या डॉक्टरांचं काम. पण खोटं बोलायची जबाबदारी सिस्टरवर कोणीही टाकू शकत नाही. "साधी गाठ आहे, निघून जाईल" हे वाक्य कितीही मायेनं म्हटलं तरी महिनाभराने तेच फसवणूक ठरतं.

नातेवाइकांशी वॉर्डाच्या दारात उभ्याने बोलू नये. बाजूला बसवावं आणि आधी विचारावं, "तुम्हाला नेमकी कशाची भीती वाटते?" मग, "याआधी घरात काही वाईट घडलं तेव्हा त्यांनी ते कसं घेतलं होतं?" पुष्कळदा इथेच मुलगा स्वतः म्हणतो की बाबा तसे खंबीर आहेत. त्यानंतर आपली बाजू स्पष्ट शब्दांत सांगायची: "मी स्वतःहून त्यांना काही सांगणार नाही. पण त्यांनी मला सरळ विचारलं तर मी खोटं बोलणार नाही, डॉक्टरांना बोलवीन." हे वाक्य पहिल्याच दिवशी सांगून टाकावं. नंतर सांगितलं तर नातेवाइकांना ते दगा वाटतो.

रुग्णाला विचारायचं ते वेगळं. "दादा, तुमच्या आजाराबद्दल, औषधांबद्दल सगळं तुम्हाला स्वतः ऐकायला आवडेल, की मुलाशी बोललेलं चालेल?" काही जण खरंच म्हणतात, "पोराशी बोला, मला नको सांगू." न ऐकण्याचा तो हक्क त्यांचा आहे, तो मानायचा. त्यांचे शब्द नोंदवायचे आणि उपचारात मोठा बदल होण्याआधी पुन्हा एकदा विचारायचं. माणसाचं मन दोन महिन्यांत बदलतं.

सगळ्यांत अवघड वेळ रात्री दोनची. दिवे मंद असतात, मुलगा खाली सतरंजीवर झोपलेला असतो आणि रुग्ण हळूच विचारतो, "सिस्टर, मला कॅन्सर झालाय का?" "काही नाही हो, झोपा आता" हे उत्तर तोंडावर येतं. ते टाळा. स्टूल ओढून बसा. "तुमच्या मनात असं का आलं?" विचारा आणि ऐका. उत्तरातून कळतं की त्यांना किती माहीत आहे आणि किती हवं आहे. मग म्हणा, "तुमचे रिपोर्ट नीट समजावून डॉक्टरच सांगू शकतील. तुम्हाला ऐकायचं आहे, हे मी त्यांना सांगते. तेव्हा सोबत कोण हवं तुम्हाला?" यात होही नाही, नाहीही नाही, आणि खोटंही नाही.

पुढची पायरी राहून जाते, म्हणून तिच्यावर जोर देतो. नर्सेस नोट्समध्ये शब्दशः लिहा: "रात्री २.१०. रुग्णाने 'मला कॅन्सर झाला आहे का' असं विचारलं. आजाराची माहिती स्वतःला हवी असल्याचं सांगितलं. बोलताना पत्नी सोबत हवी. ड्युटीवरील डॉक्टरांना २.२० ला कळवलं." सकाळच्या ओव्हरमध्ये, म्हणजे पुढच्या पाळीकडे काम सोपवताना, हे तोंडी सांगा आणि राउंडला वरिष्ठ डॉक्टरांसमोर मांडा. "बघू नंतर" असं दोनदा झालं, तर इनचार्ज सिस्टर आणि वैद्यकीय समाजसेवकाला मध्ये घ्या आणि कुटुंबासोबत एकत्र बैठक मागा. रुग्णाने विचारलेलं कागदावर आलं की ते टाळणं अवघड होतं.

नकार

शुद्धीवर असलेला, समजणारा रुग्ण इंजेक्शन, रक्त, नळी, काहीही नाकारू शकतो. आधी कारण शोधा. कित्येक नकार पैशांचे असतात, काही सुईच्या भीतीचे, काही आधीच्या सिस्टरच्या ओरडण्याचे. नाकारल्याने काय होऊ शकतं ते डॉक्टरांकडून सांगून घ्या, नकार रुग्णाच्याच शब्दांत लिहा, वेळ टाका. डामा, म्हणजे डॉक्टरांच्या सल्ल्याविरुद्ध डिस्चार्ज, घेऊन जाणाऱ्या रुग्णालाही डिस्चार्ज कार्ड, चालू औषधांची नावं आणि कोणत्या लक्षणांवर लगेच परत यायचं हे सांगितलंच पाहिजे. "सही करून चाललात ना, आता तुमचं तुम्ही बघा" म्हणणं म्हणजे शिक्षा देणं.

औषध, चूक आणि कागद

आदेश चुकीचा वाटला तर तो पाळायचा की नाही? पाळायच्या आधी विचारायचं, आणि विचारताना आकडा मांडायचा. बारा किलोच्या मुलाला पॅरासिटामॉल "५ मिली" एवढंच लिहिलेलं असतं. बाटली १२५ मिलिग्रॅमची असेल तर ठीक. पण त्याच पाच मिलीत २५० मिलिग्रॅम असतील, तर १५ मिलिग्रॅम प्रतिकिलोच्या हिशेबाने लागणाऱ्या १८० पेक्षा डोस बराच जास्त होतो. "सर, वजन १२ किलो, स्टॉकमध्ये २५० ची बाटली आहे, ५ मिली जास्त होतात. ३.५ देऊ का?" आकड्यांत विचारलं की कोणाचा अहंकार दुखावत नाही. उत्तर आलं नाही तर औषध थांबवून ठेवा, वरच्या डॉक्टरांना फोन करा आणि "औषध दिलं नाही, कारण अमुक, कळवलं अमुक वाजता" असं लिहा. फोनवरचा आदेश लिहून घेऊन परत वाचून दाखवायचा आणि डॉक्टर वॉर्डात आले की त्यांची सही घ्यायची. पोटॅशियम क्लोराइडचा १० मिलीचा अँप्यूल कधीही शिरेत थेट ढकलायचा नसतो. तसा तोंडी आदेश आला तर तो पाळायचा नाही, इथे कसलीही भीड नको.

इन्सुलिनची गफलत खास आपल्याकडची आहे. इथे ४० युनिट प्रति मिलीच्या बाटल्या आणि १०० युनिट प्रति मिलीचं इन्सुलिन दोन्ही चालतात, आणि सिरिंजही दोन प्रकारच्या. लाल टोपीची ४० ची, नारिंगी टोपीची १०० ची. ४० च्या बाटलीतून १०० च्या सिरिंजमध्ये १० च्या खुणेपर्यंत भरलं तर रुग्णाला चारच युनिट जातात. उलट केलं तर दहाऐवजी पंचवीस जातात.

समजा तसं झालं. इथे नीतीचा खरा कस लागतो, कारण घडलेलं फक्त एकाच माणसाला माहीत असतं. क्रम असा ठेवा. पहिल्यांदा रुग्ण: साखर तपासा, शुद्ध पाहा, डॉक्टरांना लगेच बोलवा, सुरुवातीला दर पंधरा ते तीस मिनिटांनी आणि मग साध्या इन्सुलिनचा परिणाम सरेपर्यंत, म्हणजे सहा ते आठ तास, साखर पाहत राहा. दुसरं, इनचार्ज सिस्टरला सांगा. तिसरं, बाटली आणि सिरिंज टाकून देऊ नका. चौथं, घडलं तेवढंच लिहा: किती वाजता, कोणतं, किती युनिट, काय केलं. "चुकून", "गर्दीमुळे" अशी सफाई किंवा दुसऱ्यावर ठपका नोट्समध्ये नको. पाचवं, रुग्णाला किंवा त्याच्या माणसांना डॉक्टर आणि सिस्टर यांनी मिळून सांगावं. लपवलेल्या चुकीत धोका असा की पुढच्या पाळीची सिस्टर घामाने भिजलेल्या रुग्णाला पंख्याखाली झोपवते, कारण साखर उतरली असेल हे तिच्या ध्यानीमनी नसतं. इनचार्जनेही लक्षात घ्यावं: पहिल्या चुकीला सगळ्यांसमोर ओरडा बसला की दुसरी चूक कोणीही सांगत नाही.

नोंदींचे नियम थोडेच. खाडाखोड नाही, पांढरी शाई नाही. चुकलेल्या शब्दावर एकच रेघ, बाजूला सही. उशिरा लिहिताना "उशिराची नोंद" असं लिहून प्रत्यक्ष लिहिण्याची वेळ आणि घटनेची वेळ दोन्ही टाका. दुसरीच्या जागी सही नाही.

कोणाला काय सांगायचं

एचआयव्हीचा कायदा २०१७ चा, १० सप्टेंबर २०१८ पासून लागू. समुपदेशन आणि संमतीशिवाय चाचणी नाही. ऑपरेशनपूर्व रक्ततपासणीत ती गुपचूप घालणंही चालत नाही. निकाल फक्त उपचारात प्रत्यक्ष सहभागी असलेल्यांना, उपचारासाठी गरज असेल तेवढाच सांगायचा. तरी केसपेपरवर लाल शाईने मोठी अक्षरं, बेडला वेगळी खूण, मावशींना "जपून हं" असा इशारा हे चालूच असतं. हातमोजे आणि सुयांची काळजी प्रत्येक रुग्णाच्या बाबतीत सारखी घेतली की खुणेची गरजच उरत नाही. सुई टोचलीच तर जागा साबण-पाण्याने धुवायची, पिळायची नाही, आणि प्रतिबंधक औषधं शक्यतो दोन तासांत, फार तर ७२ तासांच्या आत सुरू करायची, २८ दिवस घ्यायची. नवरा-बायकोला परस्पर निकाल सांगणं सिस्टरच्या अधिकारात नाही. त्याची वेगळी पद्धत कायद्याने डॉक्टर आणि समुपदेशकांना घालून दिली आहे.

अठरा वर्षांखालची गरोदर मुलगी आली तर "मी कोणालाही सांगणार नाही" असं वचन देऊ नका, कारण ते पाळता येणार नाही. पॉक्सो (मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणाऱ्या) कायद्याने पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. तिला आधी खरं सांगा: "तुझं मी वॉर्डात कोणाला सांगणार नाही. पण कायद्याने पोलिसांना कळवावं लागतं. ते करताना तुझ्या बाजूने आम्ही आहोत." गर्भपातासाठी आलेल्या अल्पवयीन मुलीने आणि पालकांनी विनंती केली, तर डॉक्टरांनी पोलिसांना कळवताना तिचं नाव-ओळख उघड करायची गरज नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २९ सप्टेंबर २०२२ च्या निकालात सांगितलं आहे. हे डॉक्टरांना माहीत आहे का, विचारून घ्या.

बाकी रोजच्या गोष्टी: ओव्हर बेडजवळ देताना नाजूक माहिती टेबलाशी येऊन सांगा. एनिमा, कॅथेटर, स्पंज करताना पडदा ओढा, पुरुष वॉर्डातही. जखमेचे फोटो स्वतःच्या मोबाइलमध्ये नकोत, वॉर्डात रील तर नकोच. फोनवरून "चौदा नंबरचा रिपोर्ट काय आला?" विचारणाऱ्याला रुग्णाकडे किंवा डॉक्टरांकडे पाठवा. आणि माणसाला "चौदा नंबर" म्हणू नका, नावाने हाक मारा.

हात बांधणं

आयसीयूत नळी ओढणाऱ्या आजींचे हात बांधले जातात, बहुधा रात्री, बहुधा कोणी लिहून न देता. बांधायच्या आधी पाहा: मूत्राशय तुंबलंय का, कॅथेटर अडकलाय का, दुखतंय का, ऑक्सिजन किंवा साखर उतरली आहे का, दारू अचानक बंद झालेला रुग्ण आहे का, चष्मा किंवा ऐकण्याचं यंत्र काढून ठेवलंय का. घरचं माणूस शेजारी बसवलं तरी निम्मे रुग्ण शांत होतात. तरी बांधावंच लागलं तर डॉक्टरांचा लेखी आदेश, कारण आणि मुदत हवी. पट्टी रुंद आणि मऊ, खाली दोन बोटं जातील एवढी सैल, एका ओढीत सुटेल अशा गाठीने पलंगाच्या चौकटीला बांधायची, कठड्याला कधीच नाही, कारण कठडा खाली केला की हात ओढला जातो. बोटांचा रंग, ऊब, संवेदना सुरुवातीला दर पंधरा मिनिटांनी पाहायच्या. दर दोन तासांनी सोडून हात हलवायचे.

मनोरुग्णांसाठी २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याचं कलम ९७ आहे: तातडीचा धोका टाळायचा दुसरा उपायच नसेल तरच, आणि गरजेपुरताच वेळ. शिक्षा म्हणून नाही. माणसं कमी आहेत म्हणूनही नाही. रुग्णाच्या नामनिर्देशित प्रतिनिधीला २४ तासांच्या आत कळवायचं.

शेवटचे दिवस

मुंबईच्या केईएम रुग्णालयातल्या परिचारिका अरुणा शानबाग यांच्यावर २७ नोव्हेंबर १९७३ रोजी हल्ला झाला, त्या कायमच्या अचेत अवस्थेत गेल्या आणि १८ मे २०१५ ला मृत्यू होईपर्यंत त्याच रुग्णालयातल्या सिस्टर्सनी त्यांची सेवा केली. त्यांच्यासाठी केलेली इच्छामरणाची विनंती नाकारताना ७ मार्च २०११ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने या सेवेचा गौरव केला आणि सेवा करणाऱ्यांच्या म्हणण्याला वजन दिलं. त्याच खटल्याने उपचार थांबवण्याच्या प्रश्नाला देशात वाट मिळाली. ९ मार्च २०१८ च्या 'कॉमन कॉज' निकालाने आगाऊ वैद्यकीय इच्छापत्राला मान्यता दिली, आणि २४ जानेवारी २०२३ ला पद्धत सोपी झाली: इच्छापत्र दोन साक्षीदारांसमोर करून नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्याकडून प्रमाणित केलं तरी चालतं. रुग्णालयात प्राथमिक आणि दुय्यम अशी दोन वैद्यकीय मंडळं निर्णय घेतात. नातेवाइकांनी तसा कागद दाखवला तर तो फाइलला लावा, डॉक्टरांना त्याच पाळीत कळवा. "असलं काही इथे चालत नाही" म्हणून परत करू नका.

सिस्टरला जास्त छळतो तो तोंडी आदेश: "यांना सीपीआर नको." (सीपीआर म्हणजे हृदय थांबल्यावर छाती दाबून ते चालू करायचा प्रयत्न.) लेखी, तारखेसह, उपचार करणाऱ्या डॉक्टरांच्या सहीचा आदेश नसेल तर सीपीआर सुरू करावाच लागतो. म्हणून असा रुग्ण आपल्या पाळीत आला की हृदय थांबायची वाट न पाहता संध्याकाळीच कागद मागा. आयसीएमआरने (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने) २०२० मध्ये याविषयीची मार्गदर्शक तत्त्वं दिली आहेत, त्यांचा हवाला देता येतो. नातेवाइकांना दाखवायला छातीवर नुसते हात ठेवायचे, असा देखावा करू नका. मरणाऱ्याची ती विटंबना आहे आणि कुटुंबाची फसवणूक.

सीपीआर नको, याचा अर्थ बाकीची सेवा नको असा होत नाही. अशा बेडकडे जाणं नकळत कमी होतं, म्हणून मुद्दाम वेळा लावून घ्या: दर दोन तासांनी कूस, तोंड ओलं ठेवणं, वेदना शून्य ते दहा मापून लिहिणं. वेदना सातच्या वर असूनही "मॉर्फिनने श्वास थांबेल" या भीतीने डोस टाळला जातो. डॉक्टरांनी ठरवलेला डोस वेळेवर द्या, श्वासाचा वेग आणि गुंगी पाहत राहा, सोबत बद्धकोष्ठतेचं औषध आहे ना बघा. टाळलेल्या डोसाची किंमत रुग्ण मोजतो.

माणसं कमी असताना

भारतीय परिचर्या परिषदेच्या निकषांत सर्वसाधारण वॉर्डात शिक्षण रुग्णालयात तीन, इतरत्र पाच रुग्णांमागे एक परिचारिका, आयसीयूत एकास एक, असं प्रमाण आहे. प्रत्यक्ष काय असतं ते वाचणाऱ्यांना माहीत आहे. त्यातून येणारा पेच असा की सगळं नीट करणं अशक्य असतं आणि केल्याचं दाखवणं सोपं असतं. न घेतलेला बीपी १२०/८० म्हणून लिहिला जातो.

पाळीच्या सुरुवातीला पंधरा मिनिटं फिरून क्रम लावा: श्वासाचा त्रास, रक्तस्राव, नुकतंच ऑपरेशन झालेले, लहान मुलं. त्यांचे टीपीआर आणि औषधं आधी. जे राहिलं ते रिकामं ठेवा, "वेळेत घेता आलं नाही" असं लिहा आणि ओव्हरमध्ये सांगा. खोटा आकडा रिकाम्या चौकटीपेक्षा घातक असतो, कारण त्याच्यावर विसंबून पुढचे निर्णय होतात.

आणि पाळी संपली की परिसेविकेला (वॉर्डाच्या इनचार्ज सिस्टरला) लेखी कळवा. पत्र चार ओळींचं पुरतं: तारीख आणि पाळी, रुग्णसंख्या, ड्युटीवरचे कर्मचारी, कोणतं काम राहिलं, त्यातून कोणत्या रुग्णाला काय धोका झाला. रुग्णांची नावं नकोत, बेडचा नंबर चालेल. भावना, आरोप, धमकी काही नको. आवक शिक्का घेऊन एक प्रत जवळ ठेवा. तीन-चार पत्रांनंतर तीच माहिती तक्त्यात मांडून अधिसेविकेकडे (मेट्रनकडे) आणि मग वैद्यकीय अधीक्षकांकडे न्या, शक्यतो वॉर्डातल्या सगळ्यांच्या सह्यांनी. एकटीचं पत्र तक्रार म्हणून बाजूला पडू शकतं. सहा महिन्यांचा तारीखवार तक्ता मात्र जादा पदं मागताना प्रशासनालाच कामाला येतो.